नवखा खेळाडू, ओरडणारा प्रशिक्षक आणि दोन फासे

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू आणि दोन टोकांच्या दोन जाळ्या येतात. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, तो बहुतेक वेळ हातातच धरलेला असतो आणि डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड चढवलेले खेळाडू एकमेकांना धडका देत तो पुढे नेतात. नॅशनल फुटबॉल लीग ही या खेळातल्या ३२ व्यावसायिक संघांची संघटना. हे संघ दर वर्षी एप्रिलच्या सुमारास महाविद्यालयांतल्या खेळाडूंमधून पाळीपाळीनं निवड करतात. या निवडीला 'ड्राफ्ट' म्हणतात. त्यात अडीचशेच्या आसपास तरुण निवडले जातात. कोणत्या संघात जायचं हे खेळाडू ठरवत नाही, संघ ठरवतो. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिची गरज पडणार आहे. जुलैअखेर सराव शिबिरं सुरू होतात तेव्हा एकेका संघात ९० जण असतात आणि हंगाम सुरू होताना यादीत ५३ उरतात. म्हणजे नवा आलेला मुलगा पहिल्या दिवसापासून डोक्यावर टांगती तलवार घेऊनच वावरत असतो.

पहिल्या वर्षाच्या या खेळाडूला 'रुकी' म्हणतात. आपण त्याला नवखा म्हणू. त्याच्यासाठी काही रिवाज ठरलेले आहेत. सगळे जेवत असताना भोजनगृहात उभं राहून आपल्या महाविद्यालयाचं गाणं म्हणायचं. सराव संपला की ज्येष्ठांची हेल्मेटं आणि पॅड उचलून आणायची. सकाळी सगळ्यांसाठी न्याहारी आणायची. कधी नवख्याला चिकटपट्टीनं गोलच्या खांबाला जखडून वर बादलीभर पाणी ओततात. कधी केस चित्रविचित्र कापतात. २०१० साली डेन्व्हरच्या संघात आलेल्या टिम टीबो या गाजलेल्या खेळाडूची मधली टाळू भादरून त्याला मध्ययुगीन ख्रिस्ती साधूसारखं केलं होतं. त्याचे फोटो सर्वदूर छापून आले आणि त्यानंही ते हसत सोसलं.

त्याच वर्षी डॅलस संघात आलेल्या डेझ ब्रायंटनं मात्र ज्येष्ठ सहकारी रॉय विल्यम्सचे पॅड उचलायला नकार दिला. आपण खेळायला आलो आहोत, दुसऱ्याची पॅड वाहायला नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. काही आठवड्यांनी संघातले सहकारी एका महागड्या उपाहारगृहात जमले, यथेच्छ जेवले आणि बिल ब्रायंटच्या पुढ्यात आलं. आकडा होता जवळजवळ ५५ हजार डॉलर.

काही पद्धती प्रशिक्षकांनीच घालून दिलेल्या असतात, आणि त्या जरा वेगळ्या जातीच्या असतात. बिल बेलिचिक यांच्या काळात न्यू इंग्लंडच्या संघात नवख्यांना शिबिरात ५० पासून पुढचे क्रमांक ओळीनं दिले जात. तो कोणत्या जागी खेळतो, महाविद्यालयात त्याचा क्रमांक कोणता होता, याला तिथे किंमत नसे. व्यावसायिक खेळाबाहेरचं एक उदाहरणही इथे नोंदवण्याजोगं आहे. ओहायो राज्य विद्यापीठाच्या संघात अर्बन मेयर यांनी २०१२ मध्ये अशी प्रथा सुरू केली की नव्या मुलाच्या हेल्मेटवर काळी पट्टी लावायची आणि सरावातल्या कामगिरीनं तो पात्र ठरला की सगळ्यांच्या देखत ती काढायची. या पट्टीत आणि ५५ हजारांच्या बिलात मला मोठा फरक दिसतो. पट्टी कशानं निघते हे मुलाला ठाऊक असतं आणि ते त्याच्या हातात असतं. बिल मात्र कशानंच टळत नाही.

या रिवाजांचं समर्थन करणारे सांगतात की नवख्याला थोडं छळलं की तो 'आपला' होतो, संघ एकजीव होतो. या म्हणण्याची तपासणी झाली आहे का? झाली आहे, आणि ती फुटबॉलच्या मैदानापासून बरीच लांब झाली.

एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयात शिकणाऱ्या ६३ तरुणींना एका चर्चागटात सामील व्हायचं होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला प्रवेशासाठी पुरुष प्रयोगकर्त्यासमोर अश्लील शब्द आणि वर्णनं मोठ्यानं वाचावी लागली. त्या काळच्या मुलींना ती चांगलीच लाजिरवाणी परीक्षा होती. दुसऱ्या गटाची परीक्षा सौम्य होती, तिसऱ्याची नव्हतीच. मग तिन्ही गटांना चर्चेचं तेच एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. प्राण्यांच्या लैंगिक वर्तनावरची ती चर्चा मुद्दाम कंटाळवाणी, रटाळ, अडखळत चाललेली अशी तयार केली होती. 'चर्चा कशी वाटली?' या प्रश्नाला सर्वांत चांगले गुण कुणी दिले असतील? कठीण परीक्षा दिलेल्या गटानं.

याचं स्पष्टीकरण लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून मिळतं. 'मी एवढं सोसलं' आणि 'जे मिळालं ते भिकार आहे' ही दोन वाक्यं मनात एकत्र नांदू शकत नाहीत. सोसलेलं पुसता येत नाही, म्हणून मन दुसरं वाक्य बदलतं. या ओढाताणीला मानसशास्त्रात बोधात्मक विसंवाद म्हणतात. शंका घेणाऱ्यांनी विचारलं, की कदाचित अश्लील मजकुरामुळेच मुलींची उत्सुकता वाढली असेल. म्हणून १९६६ मध्ये जेरार्ड आणि मॅथ्यूसन यांनी शब्दांऐवजी विजेचे झटके वापरले. निष्कर्ष तोच आला. त्यांनी आणखी एक हुशारी केली. काही जणींना झटके दिले, पण ते गटात प्रवेश मिळण्यासाठी आहेत असं सांगितलं नाही. त्यांच्या बाबतीत जबर झटक्यांनी चर्चेची गोडी वाढली नाही. म्हणजे नुसता त्रास गोडी वाढवत नाही, तो कशासाठी सोसला हे मनात पक्कं असावं लागतं.

तेव्हा ज्येष्ठ खेळाडूंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण प्रयोग वाचताना मोजलं काय होतं हेही पाहावं लागतं. मोजली ती गोडी; कौशल्य नव्हे. कंटाळवाण्या चर्चेला चांगलं म्हणणाऱ्या मुलींनी चर्चा चांगली केली असं कुठेही दिसलेलं नाही. उलट या प्रयोगाचा अर्थ असाही लावता येतो की जाच सोसून आत आलेल्याला आतले दोष दिसेनासे होतात. दुसरी गोष्ट म्हणजे या मुली स्वखुशीनं आल्या होत्या. आपण होऊन निवडलेल्या गोष्टीसाठी सोसलं तरच मनाची ही ओढाताण जोरदार होते. लादलेलं असेल तर 'माझ्यावर वेळ आली' एवढं म्हणून मन मोकळं होतं. आणि ड्राफ्टमधला नवखा तर संघ निवडतच नाही!

छळातून माणूस घडतो या समजुतीला आणखी एका गोष्टीचं पाठबळ मिळतं. ती म्हणजे चाळणी. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघाला त्यांचे नवे प्रशिक्षक 'बेअर' ब्रायंट (डेझशी साम्य आडनावापुरतंच) जंक्शन नावाच्या गावी घेऊन गेले. दुष्काळी मुलूख, कडक ऊन, पहाटेपासून सराव आणि मैदानावर पाणी पिण्याची सोय नाही. दहा दिवसांत बहुतेक मुलं पळाली. शंभराच्या आसपास गेलेल्यांपैकी तिसरा हिस्सा कसाबसा उरला. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, हा संघ अजिंक्य राहिला आणि उरलेल्यांपैकी काही जण पुढे नामवंत झाले. ही कथा अमेरिकेत पोवाड्यासारखी सांगतात. तिच्यात सहसा न सांगितला जाणारा एक आकडा असा, की शिबिरानंतरच्या लगेचच्या हंगामात हा संघ दहापैकी एकच सामना जिंकला.

पिठाची चाळणी पिठाला बारीक करत नाही. ती जाड कण वर ठेवते आणि बारीक खाली सोडते, इतकंच. जंक्शनला जे टिकले ते शिबिरामुळे काटक झाले, की काटक होते म्हणून टिकले? निघून गेलेल्यांचं पुढे काय झालं याचा हिशेब मांडल्याशिवाय हे सांगता येणार नाही, आणि तो हिशेब कुणी मांडत नाही, कारण त्यांच्या मुलाखती घ्यायला कुणी जात नाही. शिवाय चाळणीतून काय निसटतं हे चाळणाऱ्याला कळत नाही. उन्हात पाण्यावाचून उभं राहण्याची ताकद आणि चेंडू अचूक फेकण्याची ताकद एकाच मुलात असेल असं थोडंच आहे?

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर सांगायला हवं, की हा प्रश्न केवळ मनाचा नाही. जोरदार व्यायामात स्नायूंमध्ये पुष्कळ उष्णता तयार होते. घाम वाळून ती बाहेर पडते. हवा दमट असली आणि अंगावर पॅड, डोक्यावर हेल्मेट असलं तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीराचं तापमान चढत जातं. जिद्दीनं ते खाली येत नाही. मिनेसोटा संघाचा कोरी स्ट्रिंगर नवखा नव्हता, चांगला मुरलेला होता. आदल्या दिवशी त्याला सराव अर्धवट सोडावा लागला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तो पुरा केला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघातानं त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर शिबिरांतली उन्हाची, पाण्याची आणि विश्रांतीची काळजी बरीच वाढली. पूर्ण पॅड घालून दिवसातून दोनदा सराव घेण्याची जुनी पद्धत २०११ च्या करारानं बंद झाली.

हे रिवाज टोकाला गेल्यावर काय होतं ते मायामीच्या संघात दिसलं. जोनाथन मार्टिन हा दुसऱ्या वर्षाचा, शांत स्वभावाचा आणि अंगापिंडानं आडदांड खेळाडू ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस संघ सोडून निघून गेला. लीगनं टेड वेल्स या वकिलाकडे चौकशी सोपवली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अहवाल आला. पुढच्या फळीतल्या तीन खेळाडूंनी मार्टिनचा, आणखी एका तरुण खेळाडूचा आणि एका सहायक कर्मचाऱ्याचा सतत छळ केला होता. शिवीगाळ, वंशावरून आणि घरच्यांवरून बोलणं, सगळं त्यात होतं. या फळीनं आपसांतल्या दंडांची एक वही ठेवली होती. तक्रार करणारा म्हणजे 'जुडास', येशूला पकडून देणारा शिष्य. असं वागणाऱ्याला त्यात दंड होता.

अहवालातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मुख्य प्रशिक्षक जो फिल्बिन हे सभ्य, नीटनेटके गृहस्थ. आपल्या संघात काय चाललं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, असं अहवाल म्हणतो. मार्टिननंही त्यांना सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? सांगण्यालाच तर दंड होता. आपल्याकडच्या वसतिगृहांत रॅगिंग कसं वर्षानुवर्षं दडून राहतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. महाराष्ट्रानं रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये केला. पण कायद्यालासुद्धा आधी कुणीतरी तक्रार करावी लागते.

आता प्रशिक्षकांकडे वळू. ओरडणाऱ्या प्रशिक्षकांत पहिलं नाव घेतलं जातं ते व्हिन्स लोम्बार्डी यांचं. ते मुळात शिक्षक होते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. न्यू जर्सीतल्या सेंट सिसिलिया शाळेत ते लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवत. १९५९ मध्ये त्यांनी ग्रीन बे संघ हाती घेतला. आदल्या वर्षी हा संघ बारापैकी एक सामना जिंकला होता. पुढे सात वर्षांत त्यांनी पाच अजिंक्यपदं मिळवली. त्यांचा आवाज मैदानाच्या पलीकडे ऐकू जाई.

याच्या अगदी उलट टोनी डंगी. आवाज चढवायचा नाही, प्रशिक्षकाचं काम शिकवणं आहे, असं ते सांगत आणि तसंच वागत. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांच्या इंडियानापोलिस संघानं अंतिम सामना जिंकला. गंमत म्हणजे समोरच्या शिकागो संघाचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ हे डंगी यांच्याच हाताखाली तयार झालेले आणि तसेच शांत. त्या दिवशी कुणीही जिंकलं असतं तरी न ओरडणाराच जिंकणार होता.

दोन्ही पद्धतींनी यश मिळतं, मग ओरडण्यावरचा विश्वास इतका चिवट का? याचं फार सुंदर उत्तर डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांना सापडलं. (त्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) १९६० च्या दशकात ते इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना सांगत होते की शिक्षेपेक्षा कौतुकानं शिकणं चांगलं होतं. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, की माझा अनुभव उलट आहे. चांगली कसरत करणाऱ्याचं कौतुक केलं की पुढच्या वेळी तो बिघडवतो, आणि वाईट करणाऱ्यावर खेकसलं की पुढच्या वेळी सुधारतो.

प्रशिक्षकाचं निरीक्षण खरं होतं. निष्कर्ष चुकीचा होता. कसा, ते वर्गातच करून पाहा.

साठ मुलांचा वर्ग असेल तर प्रत्येकाला दोन फासे एकदा टाकू द्या आणि बेरीज लिहून घ्या. बेरीज ४ किंवा कमी आली त्यांना उभं करून खोटंखोटं रागवा. १० किंवा जास्त आली त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. मग या दोन्ही गटांना पुन्हा फासे टाकू द्या. फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये बेरीज ४ पर्यंत येते आणि ६ मध्ये १० च्या वर किंवा १०, म्हणजे सरासरीनं प्रत्येक गटात दहा मुलं असतील. दुसऱ्या खेपेला रागावलेल्या दहापैकी नऊच्या आसपास मुलं 'सुधारतील' आणि टाळ्या मिळालेल्या दहापैकी नऊच्या आसपास 'बिघडतील'. नेमका आकडा शेकडा ८८ येतो. तो कसा, हे नववी-दहावीच्या मुलांना काढायला सांगा: बेरीज २ असेल तर पुढच्या खेपेला जास्त पडण्याची शक्यता ३६ पैकी ३५, ३ असेल तर ३३, ४ असेल तर ३०, आणि या बेरजा पडण्याचे मार्ग अनुक्रमे १, २ आणि ३.

फाशांना ना राग कळतो ना टाळ्या. फार वाईट दानानंतरचं दान बहुधा त्याहून बरंच असतं आणि फार चांगल्यानंतरचं बहुधा त्याहून कमीच. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी आई-बाप आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना १८८० च्या दशकात ते दाखवून दिलं होतं. खेळाडूची कामगिरी म्हणजे निव्वळ फासे नव्हेत. तिच्यात कौशल्य असतं आणि त्यात दैवाचा वाटा मिसळलेला असतो. जितका हा वाटा मोठा तितकं परतणं जास्त. आणि आपण रागावतो केव्हा? कामगिरी सर्वांत वाईट झाल्यावरच. त्यामुळे ओरडणाऱ्याला निसर्गच दर वेळी बक्षीस देतो आणि कौतुक करणाऱ्याला शिक्षा. अनुभवी माणसाचा अनुभव इथे त्याला फसवतो; जितका अनुभव जास्त, तितकी फसगत पक्की.

मग लोम्बार्डींचं काय? बारापैकी एक जिंकणारा संघ पुढच्या वर्षी काही प्रमाणात वर येणारच होता. पण पाच अजिंक्यपदं सरासरीकडे परतण्यानं मिळत नाहीत. त्यांच्या हाताखालच्या जेरी क्रेमर या खेळाडूनं एक प्रसंग वारंवार सांगितला आहे. सरावात चूक झाली म्हणून लोम्बार्डींनी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. क्रेमर मान खाली घालून कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिला. काही वेळानं लोम्बार्डी आत आले, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तू एक दिवस या जागेवर खेळणारा सर्वांत मोठा खेळाडू होशील असं सांगितलं. आपली कारकीर्द तिथून बदलली असं क्रेमर म्हणतो. त्याला आठवतं आहे ते ओरडणं की ती थाप, हे त्याच्या सांगण्यावरूनच कळतं. शिवाय लोम्बार्डी एकच डाव शेकडो वेळा फोड करून शिकवत, फळ्यावर आणि मैदानावर. बघणाऱ्यांना आरडाओरडा दिसला, कारण तो दिसण्यासारखा होता.

दिसतं काय आणि घडतं काय यातला फरक मोजूनच कळतो. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प यांनी १९७४-७५ च्या हंगामात जॉन वूडन यांच्या सरावांना बसून नोंदी केल्या. वूडन बास्केटबॉलचे, म्हणजे खेळ वेगळा. पण इतकी बारीक मोजणी फुटबॉलमध्ये मला माहीत नाही. शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी निम्म्याहून किंचित जास्त म्हणजे निव्वळ सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. कौतुक शेकडा ७ च्या आसपास. नुसतं रागावणंही साधारण तेवढंच. आणखी शेकडा ८ वेळा रागावून लगेच बरोबर कसं करायचं ते पुन्हा सांगितलं होतं. कडक की प्रेमळ या वादात आपण जे दोन आकडे भांडवतो ते दोन्ही मिळून सातव्या हिश्श्याच्या आत बसतात. वूडनही आधी शाळेत इंग्रजीचे शिक्षक होते, हेही जाता जाता.

मुलांच्या बाबतीतही एक मोजणी आहे. सिएटलमध्ये रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना चूक झाल्यावर धीर द्यायला आणि नेमकी सूचना करायला शिकवलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडची शेकडा ५ मुलं पुढच्या वर्षी खेळ सोडून गेली होती. इतर प्रशिक्षकांकडची शेकडा २६.

वूडन यांच्यासारखी मोजणी शाळेत करायला खर्च येत नाही. मागच्या बाकावर एखाद्या सहकाऱ्याला किंवा अकरावीच्या विद्यार्थ्याला कागद देऊन बसवा. कागदावर चार रकाने: सूचना, कौतुक, रागावणं, रागावून पुन्हा सांगणं. एका तासिकेत प्रत्येक वेळी एक रेघ. नोंदी घेणारे दोघे बसवले आणि त्यांना एकमेकांचे कागद दाखवले नाहीत तर आणखी चांगलं. दोघांच्या रेघा किती जुळतात ते आधी पाहावं, मगच आकड्यांकडे वळावं.